जड पत्र्याचा वारा

केरेगे-बेल खिंड, हवामान ठाणं
२७ नोव्हेंबर १९९६

मेरीम, माझ्या जेएन, माझ्या भाची,

सलाम. तुझं पत्र बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या एशिमनं काल हातात दिलं. बिश्केकहून वर यायला त्याला अठरा दिवस लागले. त्यातले सोळा दिवस ते त्याच्या टोपीच्या अस्तरात होतं, विसरला म्हणे.

तुला हवामान केंद्रात डोंगरांच्या अंदाजाचं टेबल मिळालं हे वाचून मी मेंढी कापली. खाणारी तोंडं दोनच, पण कापली. आमच्या घराण्यात आजवर कुणी मेंढपाळ झालं, कुणी ट्रक चालवला, मी एकटा हवा मोजत बसलो. आणि आता माझ्या बहिणीची लेक राजधानीत बसून अख्ख्या खिंडीला सांगणार की परवा वारा किती आणि बर्फ किती. तुझ्या शब्दावर रस्ता बंद होणार, तुझ्या शब्दावर उघडणार. तुझी आई आज असती तर तिनं गाव डोक्यावर घेतलं असतं. मी तिच्या वाटचं घेतलं.

एक लक्षात ठेव. तुझा अंदाज बरोबर की चूक, हे वरून माझा आकडा आला की ठरणार. मामाच तपासनीस, तेव्हा सवलत मागू नकोस.

हात आखडलेत, म्हणून मी सांगतोय आणि तुझी मामी, तुझी जेंगे, लिहितेय. स्वतःचं काही घालायचं नाही असं ठरलंय. (ठरलं ते त्यांचं. मेंढी म्हातारी होती, शिजता शिजेना. — आयिमकान)

मागच्या मंगळवारच्या वादळात वारा मोजायचा हलक्या पत्र्याचा खांब मुळातून मोडला. जड पत्र्याचा उभा आहे, त्यावर भागवतोय. नवीन खांब मागितला तर वर्षभर नुसते कागद फिरतील.

तुझा मामा, तुझा तायाके,
किदिराली

*

बिश्केक
९ डिसेंबर १९९६

आदरणीय तायाके,

सलाम. हातमोजे पाठवतेय, लोकरीचे, दुहेरी. आधी ते घाला, मग रागवा. कारण या पत्रात रागवण्यासारखं आहे.

चार तारखेला नकाशा पाहिला आणि मला घाम फुटला. वायव्येकडून थंड हवा आत घुसत होती, दाबाच्या रेषा तुमच्या खिंडीवर एकमेकींना चिकटल्या होत्या. मी लिहिलं, उद्या खिंडीत सेकंदाला अठ्ठावीस मीटर वारा, उडता बर्फ, रस्ता बंद ठेवा. ठेवला. खाली साठ ट्रक दिवसभर उभे राहिले.

आणि तुमचा आकडा आला चौदा.

तुम्हाला माहीत आहे चौदाला रस्ता बंद करत नाहीत. रस्ते खात्याचा माणूस तावातावानं आमच्या केंद्रात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "या बाईंच्या वाऱ्यानं फक्त त्यांचे कागद उडतात." आमचे मुख्य, गेन्नादी ल्वोविच, तसे ओरडणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मेरीम, वारा तुमच्या नकाशात आहे, डोंगरात नाही."

तायाके, मी कुठं चुकले ते शोधतेय. रोज तुमचे आकडे समोर मांडून बसते. तुम्ही मोजलेलं तेच खरं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणजे चूक माझीच. जेंगेंना सांगा, त्यांचं वाळवलेल्या दह्याचं कुरुत मिळालं. दोन गोळे दातांखाली ठेवले की दुपारपर्यंत रडू येत नाही.

तुमची
मेरीम

*

केरेगे-बेल
२० डिसेंबर १९९६

मेरीम,

एकतीस वर्षं झाली मला इथं. दर तीन तासांनी एक नोंद, दिवसाला आठ. एकही चुकली नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी खांबाखाली उभा होतो आणि पाहुणे आत जेवत होते. (खरं आहे. मी पण वाट बघत होते. — आ.) तेव्हा वर चौदा होता म्हणून चौदा पाठवला. भाची टेबलावर बसली म्हणून मी वारा वाढवून देणार नाही.

तू घाई करतेस. नकाशा बघितला की तुला भूत दिसतं. पुस्तकं पुन्हा वाच, खिंडीचा उतार नीट धर, आणि लोक हसले तर हसू दे. पण दुसऱ्यांदा हसायला कारण देऊ नकोस. इथं वर प्रत्येक ट्रकवाला आता मला विचारतो, "अक्साकाल, आजोबा, भाची काय म्हणतेय, पळू की थांबू?" आणि दात काढतो. मला ते सहन होत नाही.

बाकी ठीक. पाच तारखेला संडासाचा पत्रा उडाला तो सापडला, ओढ्यापलीकडे, अर्ध्या मैलावर. एशिमनं उचलून आणला. खिडक्यांपर्यंत बर्फ साचलाय. चिल्दे अजून लागायची आहे, थंडीचे खरे चाळीस दिवस पुढंच आहेत.

हातमोजे बसले. (बसले नाहीत. मी घालते. — आ.)

किदिराली

*

बिश्केक
४ जानेवारी १९९७

तायाके,

नववर्षाच्या शुभेच्छा. इकडे शुभ काही नाही, म्हणून लांबण लावत नाही.

एकोणतीस तारखेला मी पुन्हा अठ्ठावीस सांगितला. तुमचा आकडा पुन्हा चौदा. गेन्नादी ल्वोविचनी दार लावून घेतलं आणि मला एक फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली. तोवर अंदाज सुधारला नाही तर डोंगरांचं टेबल दुसऱ्याकडे जाईल आणि मला शेतीच्या पत्रकावर बसवतील. पाऊस आणि बटाटे. हे टेबल मिळवायला मी सात वर्षं घासलीत. ते गेलं तर पुन्हा मिळणार नाही.

मी तुमचं पत्र दहा वेळा वाचलं. रागवू नका, पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. चौदा मीटरच्या वाऱ्यात माणसाची टोपी उडते. खिळे मारलेला संडासाचा पत्रा अर्धा मैल जात नाही.

शिवाय माझे आकडे कसेही चुकत नाहीयेत. अठ्ठावीसला चौदा. वीसला दहा. परवा बारा सांगितला, तुम्ही सहा पाठवलात. दर वेळी बरोब्बर निम्मा. चुकणारा माणूस इतका शिस्तीत चुकत नाही.

तायाके, पाच डिसेंबरला खांबावरचा पत्रा वाऱ्यानं कितव्या खिळीपर्यंत उचलला होता? एवढंच सांगा. मीटर नको, खिळी सांगा.

मेरीम

*

केरेगे-बेल
१५ जानेवारी १९९७

मेरीम, बाळा,

हे पत्र माझं मी लिहितेय. हे भिंतीकडे तोंड करून बसलेत, कालपासून तसेच. उठतात ते फक्त नोंदीच्या वेळेला.

आधी खरं ते सांगते. त्यांचे हात धडधाकट आहेत. डोळे गेलेत. बर्फावरच्या उन्हानं आधी उजवा मंदावला, मग डावा. सप्टेंबरपासून त्यांना दारातला माणूस दिसतो, पण त्याचं तोंड दिसत नाही. तू पाठवतेस ती वर्तमानपत्रं मी वाचून दाखवते. केंद्राला कळवलं असतं तर त्यांना खाली आणलं असतं आणि ठाण्याला कुलूप. इथं यायला दुसरं कोण तयार आहे? म्हणून आम्ही कुणाला बोललो नाही.

तेव्हापासून नोंदी मी घेते. खांबाखाली जाते, वाऱ्यानं लोंबता पत्रा किती उचललाय ते आठ खिळ्यांवर बघते, आत येऊन भिंतीवरच्या तक्त्यात मीटर शोधते आणि ह्यांना सांगते. हे रेडिओवर मोर्समध्ये वाजवतात. हात अजून घड्याळासारखा चालतो त्यांचा.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. ‘कितव्या खिळीपर्यंत’ यापाशी आल्यावर वही उघडली. म्हटलं, "सातवी. तक्त्यात चौदा."

हे म्हणाले, "आणि मग तू दुप्पट केलंस."

मी म्हटलं, "दुप्पट कशाला?"

बाळा, भिंतीवरचा तक्ता हलक्या पत्र्याचा आहे. हलका खांब नोव्हेंबरात पडला. जड पत्रा त्याच खिळीला जातो तेव्हा वारा दुप्पट असतो, हे ह्यांना एकतीस वर्षं इतकं पाठ की बोलायची गरज वाटली नाही. ह्यांना वाटलं मी दुप्पट करून सांगते. मला वाटलं आणखी काही करायचं असेल तर हे वाजवताना करत असतील. एका खोलीत बसून, एका किटलीतला चहा पीत, आम्ही दोघांनी खिंडीतला अर्धा वारा गिळला.

मी त्यांना म्हटलं, तुम्हाला ऐकू येत नव्हतं का, छप्पर किरकिरत होतं ते? मग म्हणाले, "कानाला मोठाच वाटायचा. पण म्हटलं, डोळे गेले तसे कानही बिघडले असतील. म्हातारपणी सगळंच मोठं ऐकू येत असेल." आणि नंतर म्हणाले, "पोरगी बरोबर होती, आणि मी तिला पुस्तक वाच म्हणून लिहिलं."

मी तुझ्यापुढं पदर पसरत नाही. तुझं नाव मातीत जातंय, तुला योग्य वाटेल ते कर. फक्त हे ठाणं बंद झालं तर हे खाली कुणाच्या तरी खोलीत जगतील असं मला वाटत नाही.

तुझी जेंगे,
आयिमकान

*

बिश्केक
१९ जानेवारी १९९७

आदरणीय तायाके,

एशिम उद्या पहाटे निघतोय, म्हणून घाईत.

मी सहा वर्षांची असताना तुमच्या आवारात पिवळ्या शिंगराकडे बोट केलं होतं. तुम्ही हूं की चूं न करता दोर माझ्या हातात दिलात. जेएननं मामाच्या घरातल्या ज्या वस्तूवर बोट ठेवलं ती तिची, मामानं नाही म्हणायचं नसतं, हे आई तेव्हा हसत हसत म्हणाली होती. त्यानंतर मी तुमच्याकडून काही घेतलं नाही. ना घोडा, ना गालिचा, ना लग्नात काही, कारण लग्नच केलं नाही.

आज मागते. तुमचं गप्प राहणं मला द्या.

उद्यापासून आकडे दुप्पट करून पाठवा. कुणाला काही बोलू नका. मागचे आकडे तसेच राहू देत. माझं टेबल गेलं तर जाऊ दे, बटाट्यांनाही कुणीतरी हवंच. मला दुसरी टेबलं आहेत. तुम्हाला दुसरी खिंड नाही.

मी चूक नव्हते हे मला कळलं. आपल्या तिघांना कळलं. मला तेवढं पुरतं.

तुमची जेएन,
मेरीम

*

केरेगे-बेल
२३ जानेवारी १९९७

मेरीम,

हे मी माझ्या हातानं लिहितो. ओळी एकमेकींवर चढल्या तर जुळवून वाच.

मामानं भाचीला नाही म्हणू नये. आमच्या सात पिढ्यांत कुणी म्हटलं नाही. मी म्हणतो. नाही.

ऐक. आजवर चौदा पाठवणारं ठाणं उद्या एकदम अठ्ठावीस पाठवायला लागलं तर तुझे ते चष्मेवाले साहेब काय म्हणतील? मामा भाचीला सावरून घेतोय. मग तुझं खरंही खोटं ठरेल आणि माझंही. रस्ते खातं आपल्या दोघांवर हसेल आणि ट्रक वर पाठवेल. आणि मोठं वादळ तोंडावर आलंय. काल उंचावरचे उलार पक्षी थव्यानं ओढ्याच्या तळाशी उतरले, असं तुझी जेंगे सांगते. हवा जड झालीय, कानांना दडे बसल्यासारखं झालंय. माझ्या कानांवर आता मी विश्वास ठेवतोय. तुझा नकाशाही तेच दाखवत असेल. तुझं ऐकलं गेलं पाहिजे, आणि पूर्ण खरं सांगितल्याशिवाय ते ऐकलं जाणार नाही.

दुसरं म्हणजे, मी एकतीस वर्षं मिरवलो की माझा आकडा कधी खोटा नव्हता. आता दोन महिन्यांचा ढीग खोटा आहे. तो तसाच सोडून मी या खांबाखाली उभा राहू शकत नाही.

उद्या दुपारच्या नोंदीला उघड शब्दांत पाठवतो. पत्र तुला नंतर मिळेल, हे बरंच आहे. अडवायला येशील तू.

तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते एशिमला विचार. त्याच्यासमोर मी आज रडलो.

किदिराली

*

बिश्केक
२ फेब्रुवारी १९९७

तायाके,

तुमचं पत्र मला संदेशानंतर सहा दिवसांनी मिळालं. प्रत्येक अक्षर अंड्याएवढं आहे. मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

चोवीस तारखेला दुपारी रेडिओवाली बाई कागद घेऊन आली आणि म्हणाली, केरेगे-बेलवरून आकडे नाहीत, शब्द आलेत. तिनं उभ्यानं वाचलं:

"एकोणीस नोव्हेंबरपासून वाऱ्याचे सर्व आकडे दुप्पट समजावेत. जड पत्रा, हलका तक्ता. खिळी वाचणारी माझी पत्नी, तिचं वाचन अचूक. चूक निरीक्षकाची. निरीक्षकाचे डोळे सप्टेंबरपासून गेले आहेत, ते त्यानं लपवलं. अंदाज देणारीचा दोष नाही. ती बरोबर होती. किदिराली."

गेन्नादी ल्वोविचनी माझे सगळे अंदाज मागवले, पेन्सिल घेतली आणि स्वतः एकेक आकडा दुप्पट करत बसले. चहा गार झाला. अकरा इशाऱ्यांपैकी दहा बरोबर. मग त्यांनी विचारलं, "मेरीम, पुढच्या चार दिवसांचं काय?" मी म्हटलं, सत्तावीसच्या दुपारपासून अडतीस, आणि मीटरभर बर्फ. त्यांनी वादही घातला नाही. रस्ते खात्याला स्वतः फोन लावला आणि माझ्यासमोर म्हणाले, "आमच्या मेरीम सांगतायत."

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच पाठवलंत: आठवी खिळी, चाळीस. खाली सत्तर ट्रक थांबले होते, पीठ आणि कोळसा भरून. एका बहाद्दरानं आदल्या दिवशी रिकामा टँकर तिसऱ्या वळणावर सोडला होता, तो दरीत सापडला. तो बहाद्दर तेव्हा खाली खानावळीत बसून मला शिव्या देत होता. आता तो दर दोन दिवसांनी केंद्रात येतो आणि मला सफरचंदं देतो.

टेबल माझं राहिलं. आणि आता वाईट बातमी. एक मार्चपासून तुम्हाला कामावरून मोकळं करायचा हुकूम निघालाय. डोळ्यांमुळं. मी भांडले, पण त्यावर भांडायला जागा नाही.

पण ठाण्याला कुलूप लावायचं म्हणाले तेव्हा मी जागा सोडली नाही. जेंगेंच्या नोंदी मी नकाशांशी ताडून पाहिल्या होत्या. पाच महिने, रोज आठ, बाराशेहून जास्त वाचनं. एक वेळ चुकलेली नाही, एक खिळी चुकलेली नाही. चूक होती ती तक्त्याची. तो गठ्ठा मी साहेबांपुढं ठेवला आणि म्हटलं, या उंचीवर असं वाचणारा माणूस तुमच्याकडे दुसरा कोण आहे ते सांगा. ते दोन दिवस झाले विचार करतायत. मी रोज सकाळी त्यांच्या दारात उभी राहते.

तुमची
मेरीम

*

केरेगे-बेल
९ मार्च १९९७

मेरीम,

कागद आला. निरीक्षक, केरेगे-बेल ठाणं: आयिमकान. खाली शिक्का, वर शिक्का. तिनं तो तीन वेळा वाचून दाखवला आणि चौथ्यांदा म्हणाली, नीट ऐकू आलं नाही ना, पुन्हा वाचते. (दोनदाच वाचला. — आ.)

नवीन खांबही आला, हलक्या पत्र्याचा. भिंतीवर आता दोन तक्ते आहेत. जड पत्र्याच्या तक्त्यावर हिनं लाल शाईनं बोटभर अक्षरात ‘जड’ असं लिहिलंय. मला ते अक्षर दिसतं. या ठाण्यात मला दिसणारी तेवढी एकच गोष्ट आहे, मुद्दाम तशी लिहिलीय असा मला संशय आहे.

मे महिन्यात रस्ता सुकला की डोळे दाखवायला खाली येईन. कापतील म्हणे. कापू देत. पण दिसायला लागलं तरी जागा परत मागणार नाही, हे मी हिला सांगितलंय. तिनं ते कागदावर घेतलं.

तुला वाटत असेल मामा खचला. पहिले चार दिवस खचलो होतो. नोंदीची वेळ झाली की पाय आपोआप दाराकडे जायचे आणि ही माझ्या आधी बाहेर पडलेली असायची. पाचव्या दिवशी मी बूट घातले आणि तिच्यामागून गेलो. ती खिळी बघते, मी वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो आणि आधी आकडा सांगतो. काल अकरा म्हणालो, होता बारा. रेडिओ अजून मीच वाजवतो, साहेबांनी तेवढी मुभा दिलीय. बायकोचे आकडे, नवऱ्याची बोटं.

परवा एक नवीन ट्रकवाला चहाला थांबला. मला म्हणाला, "अक्साकाल, या ठाण्याचे साहेब तुम्हीच ना? आजची हवा कशी, उद्याची कशी?" मी म्हटलं, नाही बाबा, मी साहेब नाही. आजचा वारा मोजते ती माझी बायको, बाहेर खांबाखाली आहे. उद्याचा सांगते ती माझी भाची, बिश्केकला बसते. तो म्हणाला, "आणि तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, मी या दोघींचा माणूस आहे. बस, चहा घे, सांगतो.

(तीन तास सांगत होते. त्याचं इंजिन गोठलं. — निरीक्षक आयिमकान)